चंद्रकोरीचा रुपया

नाणे विकताना एक पायरी वर चढते आणि विकत घेताना दोन पायऱ्या खाली उतरते. हा नियम मी कोठे वाचलेला नाही. तीस वर्षे नाणी हाताळताना तो माझ्या ध्यानात आला. त्याला अपवाद सापडल्याचे अनेकांनी मला सांगितले. ते सगळे त्या वेळी काही ना काही विकत होते.

चौसाळ्याला हमरस्त्यावर माझे भांड्यांचे दुकान होते. गिऱ्हाईक जुनी तांब्यापितळेची मोड आणून देत असे आणि नवे भांडे नेत असे. मोडीत कधी फुटका तांब्या येई, कधी गळका हंडा, आणि कधी एखाद्या मयत सासूच्या गाठोड्यातली नाणी. बहुतेक नाणी निजामाच्या अमदानीतली असत. चांदीच्या रुपयाला आमच्याकडे हाली रुपया म्हणत. त्यावर मधोमध चारमिनार, त्याच्या कमानीत एक उर्दू अक्षर आणि भोवती मजकूर. माझे शिक्षण उर्दूत झालेले असल्याने मला साल वाचता येत असे. आसपासच्या दहा गावांतील नाणेवाल्यांमध्ये मला जो मान होता, तो केवळ एवढ्यासाठी होता. तो टिकावा म्हणून मी मोजकेच बोलत असे.

आम्ही तिघे होतो. मी, नांदूरघाटचे एक कापडवाले शेट आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले एक मास्तर. बाजाराच्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक ओसरले की दोघे माझ्या दुकानात येत. पितळी पराती बाजूला सारून आम्ही नाणी मांडत असू. नाण्याची प्रत ठरवण्याच्या आमच्या पायऱ्या चार होत्या. कोरा, धारदार, चालता आणि घासलेला. कोरा म्हणजे कोणाच्याही खिशात न गेलेला. असा नग मी आयुष्यात फार थोडा पाहिला. शेटच्या संग्रहात मात्र निम्मे नग कोरे होते. कापडवाल्याला प्रत्येक माल ठाणातून नुकताच निघाल्यासारखा दिसतो. मास्तर अर्ध्या पायरीचा हट्ट धरत. ‘धारदारच्या खाली, पण चालत्याच्या वर,’ असे ते म्हणत. पेपर तपासण्याची जुनी खोड.

मी कठोर होतो. दोघांना मी पुन्हा पुन्हा एकच गोष्ट सांगितली, की वर्णनावर जाऊ नका, नाण्यावर जा. दोष न सांगणे हेही एक वर्णनच असते. हे वाक्य मला फार आवडे. ते मी गरजेपेक्षा अधिक वेळा म्हटले असावे.

त्या काळात मोठ्या शहरांतील व्यापाऱ्यांच्या विक्रीच्या छापील याद्या टपालाने येत. यादीतला प्रत्येक नग दुर्मिळ असे. काही अतिदुर्मिळ असत. अतिदुर्मिळ नग पुढच्या यादीत पुन्हा असे आणि त्याच्या पुढच्याही. मास्तर म्हणत, “लई दुर्मिळ हाय म्हणूनच दर महिन्याला येतोय बिचारा.” आम्ही त्या याद्या चहाबरोबर वाचत असू. करमणूक चांगली होती, आणि टपालहशील व्यापारी भरत होता.

पुढे देशात बाहेरच्या कंपन्या आल्या, रंगीत टीव्ही आले, चौसाळ्याच्या टपरीवर परदेशी शीतपेय मिळू लागले आणि बीडला संगणकावर तासाच्या दराने बसण्याची सोय झाली. याद्या छापील होत्या तोवर त्यांना टपालाची मर्यादा होती. संगणकावरच्या यादीला ती नव्हती. शेटना या यंत्राची गोडी लागली. कापडाच्या खरेदीला म्हणून ते बीडला जात आणि कापड न घेता परत येत.

त्या वर्षी औरंगाबादला नाण्यांचे प्रदर्शन भरणार होते आणि शेटना त्यांचे हाली रुपये मांडण्याचे निमंत्रण आले होते. सालवार लावलेला त्यांचा ट्रे चांगला होता. त्यात एका सालाचे घर रिकामे होते. ते रिकामे घर त्यांना खुपे. एके दिवशी ते दुकानात आले आणि भांड्यांवर हात ठेवून उभेच राहिले.

“अप्पा, घावला.”

“काय?”

“माझ्या सालाचा रुपया. संगणकावर हाय. अन् साधासुधा न्हाई, चंद्रकोरीचा हाय. मिनाराच्या डोक्यावर चंद्रकोर! टाकसाळीत चूक झालती म्हणं. मोजकेच निघाले.”

निजामाच्या रुपयावर चंद्रकोर असल्याचे मी कधी ऐकले नव्हते. मी तसे सांगितले.

“म्हणूनच तर दुर्मिळ हाय,” शेट म्हणाले.

विकणाऱ्याने त्यांच्यासाठी नग आठ दिवस राखून ठेवला होता. त्याआधी बँकेचा ड्राफ्ट पाठवायचा होता. शेटनी ड्राफ्ट काढूनही आणला होता. फक्त साल खरे आहे का, हे मी चित्रात पाहून सांगावे, एवढीच त्यांची विनंती होती. रक्कम मी विचारली नाही. त्यांच्या चेहऱ्यावरून ती कळत होती. औरंगाबादला जाणकार मंडळी येणार होती. त्यांच्यापुढे हा रुपया ट्रेच्या मधोमध बसणार होता आणि त्याखाली शेटचे नाव लिहिलेले असणार होते. त्यांना त्यात मिळवायचे ते एवढेच होते, आणि गमवायचेही तेवढेच.

आम्ही तिघे एस.टी.ने बीडला गेलो. संगणकाचे दुकान एक बाई चालवत होत्या. त्यांचे यजमान माजलगावला साखर कारखान्यात नोकरीला होते. बाई चटपटीत होत्या. त्यांनी शेटना ओळखले आणि न विचारताच ते पान उघडले.

“वाचू का, काका?” त्यांनी मला विचारले. मजकूर इंग्रजीत होता. त्या मराठीत सांगत गेल्या. “अत्यंत दुर्मिळ. निजामाचा चांदीचा रुपया. टाकसाळीतून निघाला तसाच. जगात मोजकेच नग.”

“मोजले कुणी?” मास्तरांनी विचारले.

“ते न्हाई लिहिलं. पुढं आहे, तज्ज्ञांनी तपासून डबीत सीलबंद केलाय. पासष्ट गुण. सत्तरपैकी.”

“सत्तरपैकी कावून? शंभरपैकी कावून न्हाई?”

“मला काय ठाव, मास्तर. मी फक्त वाचतेय.”

“आमच्या शाळेत सत्तरपैकी पासष्ट पडले तर आमी तो पेपर दुसऱ्यांदा तपासायचो.”

“अन् मग?” शेट जरा चिडून म्हणाले.

“मग शेजारी बसलेल्याचा बी तपासायचो.”

बाई हसल्या. “खाली लाल अक्षरात आहे, घाई करा.”

मी म्हणालो, “निजाम जाऊन इतकी वर्षे झाली. आता घाई कशाची?”

चित्र उघडायला वेळ लागत होता. ते वरून खाली पट्टीपट्टीने उतरत होते. आधी प्लॅस्टिकच्या डबीची कड आली. ती कड नाण्याच्या वरच्या काठावर बसलेली होती, त्यामुळे काठ दिसत नव्हता. मग मिनारांची टोके आली. उजवीकडच्या मिनारावर एक बाकदार खूण होती. खूण जाडसर, आणि तिच्या मधोमध केसासारखी एक न घासलेली रेघ.

“दुहेरी चंद्रकोर म्हणत्यात तिला,” शेट हळूच म्हणाले.

खाली साल दिसू लागले. साल बरोबर होते. मी तसे सांगितले. दुसरे काही बोललो नाही.

तो रुपया मी ओळखला होता. काही वर्षांपूर्वी एका शेतकरी घरातील बाईंनी रुपयांची माळ मोडीत दिली आणि एक हंडा व एक परात नेली. माळेतील प्रत्येक रुपयाला ओवण्यासाठी वरच्या काठावर चांदीची कडी झाळून जोडलेली होती. मी दुकानात बसून त्या कड्या कानशीने काढल्या. एका रुपयावर हात घसरला, मनगट वळले आणि मिनारावर ओरखडा उमटला. काठाची झाळ मी नीट सपाट केली. मग रिठ्याच्या पाण्यात आणि चिंचेत सगळे रुपये घासून लख्ख केले. भांडेवाल्याची सवय. चकाकी नसलेली वस्तू मी कधी गिऱ्हाइकापुढे ठेवली नाही. नाण्याच्या बाबतीत हे पाप आहे, हे मला तेव्हाही माहीत होते. हात मात्र भांडेवाल्याचे होते.

पुढे एक फिरता व्यापारी आला आणि तो रुपया घेऊन गेला. ओरखडा त्याने पाहिला. कडीची जागा त्याला दिसली नसावी. त्याने विचारले नाही. मी सांगितले नाही.

परतीच्या गाडीत शेट माझ्या शेजारी बसले होते. मास्तर पुढच्या बाकावर. शेटचा हात अधूनमधून खिशाकडे जाई. ड्राफ्ट उद्या रजिस्टर पोस्टाने जाणार होता.

“शेट, घेऊ नका,” मी म्हणालो.

“कावून?”

“वर्णन फुगवलेले आहे. पासष्टचा नग नाही तो.”

“अप्पा, तुमी मागं मास्तरांच्या त्या जुन्या तांब्याच्या नाण्याला बी हेच म्हणलते. तो खरा निघाला.”

“हा खोटा आहे, असे म्हणत नाही. पायरी खोटी आहे.”

“तुमी आजवर कशाला चांगलं म्हणलं हाय? घरच्या जेवणाला बी चालतं म्हणता तुमी.”

मास्तर मागे वळून म्हणाले, “मागच्या दिवाळीला म्हणलते. मी होतो की.”

शेटचे म्हणणे खरे होते. मी इतकी वर्षे प्रत्येक नगावर शंका घेतली होती. आता एक खरी शंका सांगायची होती आणि तिला कोणी किंमत देत नव्हते. गाडी मांजरसुंब्याच्या घाटाला लागली. दुसरा मार्ग उरला नव्हता.

“ती चंद्रकोर माझी आहे,” मी म्हणालो.

“म्हंजे?”

“माझ्या कानशीची. कडी काढताना हात घसरला. माळेतला रुपया आहे तो. चिंचेने घासलेला.”

शेटनी खिशावर हात ठेवला. मग त्यांनी विचारले, “तुमाला घ्यायचा हाय का तो?”

“काय?”

“न्हाई, सरळ सांगा. आमी सोडला की तुमी उचलणार.”

“हां, हे बराबर हाय,” मास्तर म्हणाले. “दुसऱ्याला माल वाईट सांगायचा अन् आपण मागनं घ्यायचा. रीतच हाय ती.”

मला राग आला. तो दोन वळणांपर्यंत टिकला. नंतर लक्षात आले, की विकणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्याही बोलण्यामागे काय असेल ते आधी पाहावे, हे या दोघांना मीच शिकवले होते. शिकवणूक चांगली मुरली होती. मी एवढेच म्हणालो, “चौसाळ्याला उतरा. दाखवतो.”

दुकानात मी कानस काढली. अर्धगोल कानस. मग माझ्या खणातून एक चारमिनार रुपया घेतला. साल वेगळे होते, साधेच. नग धारदार होता. माझ्याकडच्या बऱ्यापैकी नगांतला एक. लाकडी फळीवर दोन खिळे ठोकून त्यांच्यामध्ये मी तो अडकवला.

“अप्पा, राहू द्या,” शेट म्हणाले. “एखादा घासलेला घ्या की.”

“घासलेल्यावर ओरखडा नीट उमटत नाही.”

हात आपोआप घसरतो तेव्हा कष्ट पडत नाहीत. मुद्दाम घसरवायचा म्हणजे वेळ लागतो. पहिल्या खेपेला कानस नुसती काठावर फिरली. दुसऱ्या खेपेला मिनारावर आली. चांदीवरून ती गेली तेव्हा जो आवाज झाला, तो मास्तरांना सहन झाला नाही. ते बाहेर जाऊन रस्त्याकडे पाहत उभे राहिले.

मी रुपया पुसला आणि भिंगासह शेटच्या हातात दिला. बाईंनी त्यांना चित्र कागदावर छापून दिले होते. त्यांनी तो कागद परातीवर पसरला आणि शेजारी रुपया ठेवला. मिनारावर बाकदार खूण होती. तिच्या मधोमध केसासारखी न घासलेली रेघ होती.

“ही रेघ कशाची?” त्यांनी विचारले.

मी कानशीचे टोक दाखवले. तेथील एक दाता तुटलेला होता. कानस बीडच्याच बाजारातली. दाता पितळी घागरीच्या कडेवर तुटला होता.

शेटनी बराच वेळ दाता पाहिला, मग रुपया, मग कागद, मग पुन्हा दाता. मास्तर आत आले.

“काय निघालं?”

“टाकसाळ निघाली,” शेट म्हणाले. “हितं, परातीच्या मागं. आपण उगाच हैदराबादची नावं घेत बसलो.”

मास्तरांनी भिंग घेतले. “दुहेरी हाय का?”

“दुहेरी हाय.”

“मग पासष्ट गुण द्यायलाच पाहिजेत,” मास्तर म्हणाले.

दोघे हसले. मी कानस पुसून जागेवर ठेवली. हसणे संपल्यावर शेटनी खिशातला ड्राफ्ट काढला, एकदा पाहिला आणि पुन्हा ठेवला.

“बँकेत परत नेतो. औरंगाबादला मंडळींनी डबी फोडायला लावली असती तर कडीची झाळ दिसलीच असती. मला तोंड दाखवायला जागा राहिली नसती.”

“होय.”

“अन् तुमी त्या फिरत्या व्यापाऱ्याला तवाच सांगितलं असतं तर?”

“तर हे झाले नसते.”

त्या दिवशी चहाचे पैसे मी दिले. मास्तरांनी ही गोष्ट पुढे अनेकांना सांगितली. चंद्रकोरीपेक्षा ती दुर्मिळ आहे, असे ते म्हणत.

विकणाऱ्याला मी सविस्तर कळवले. माळ, कडी, झाळ, चिंच, कानस, तुटलेला दाता, सर्व. बाईंनी ते इंग्रजीत करून यंत्रावरून पाठवले. उत्तर आले नाही. आठवड्याने बाई म्हणाल्या, “काका, तुमचा उपयोग झाला बघा. नवं वाक्य घातलंय. मराठवाड्यातल्या जुन्या घराण्याच्या संग्रहातून आलेला, असं.” त्यानंतर थोड्याच दिवसांत तो रुपया विकला गेला. कोणी घेतला, ते कळले नाही. तो माणूस आता त्याकडे भिंगातून पाहत असेल. मी त्याचे समाधान हिरावून घेऊ शकत नाही. माझा प्रयत्न झाला.

प्रदर्शन जवळ आले तसे शेट पुन्हा दुकानात आले. रिकामे घर रिकामेच होते. त्यांनी मी खराब केलेला रुपया मागितला.

“कशाला?”

“त्या घरात ठेवतो. खाली चिठ्ठी लावतो. तुमच्या हातची पाहिजे.”

मी चिठ्ठी लिहिली. ‘या घराच्या सालाचा रुपया मिळालेला नाही. ठेवलेला रुपया दुसऱ्या सालाचा आहे. मिनारावरील खूण टाकसाळीची नसून कानशीची आहे. अशा खुणेचे रुपये दुर्मिळ प्रकार म्हणून विकले जातात. पाहून घ्यावे.’ शेटनी वाचली.

“कानस कुणाची, ते लिवा की.”

मी थोडा वेळ घेतला. मग ‘कानस चौसाळ्याच्या एका भांडेवाल्याची’ असे खाली लिहिले. नाव लिहिले नाही. ज्यांना मी ठाऊक होतो, त्यांना ते पुरेसे होते.

मी औरंगाबादला गेलो नाही. दुकान बंद ठेवण्यासारखे कारण ते नव्हते. शेट परत आले ते सरळ माझ्याकडे. त्यांच्या सांगण्याप्रमाणे ट्रेपुढे गर्दी होती आणि सगळी त्याच घरापुढे होती. चांगले म्हातारे जाणकार चिठ्ठी मोठ्याने वाचत होते. एकाने आपल्या खिशातून डबी काढून स्वतःच्या नाण्याचा काठ तपासायला घेतला आणि मग डबी घाईने परत खिशात टाकली.

“अन् ऐका अप्पा. दुपारी एक व्यापारी आला. सफारीतला. कानाशी लागून म्हणतो, चिठ्ठी काढून टाकली तर हा नग काय भावानं द्याल?”

“तुम्ही काय म्हणालात?”

“म्हणलं, भाव चिठ्ठीचाच हाय. रुपया वर फुकट हाय.”

उत्तर चांगले होते. इतके चांगले, की ते त्यांनी त्या माणसाला तेथेच दिले की परतीच्या गाडीत त्यांना सुचले, याविषयी मला शंका आली. मी त्याच महिन्यात त्यांना आणखी दोनदा विचारले. दुसऱ्या खेपेला व्यापारी दोन झाले होते. तिसऱ्या खेपेला त्यांतला एक मुंबईचा होता.